आमच्या घरमालकांचा खाडा

आमच्या घरमालकांनी मला एकदाही भाडेकरू म्हटलं नाही. बिऱ्हाडकरूही म्हटलं नाही, आणि 'कूळ' हा शब्द तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोयच नव्हती. मी 'पाव्हणं' होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय अगत्याचा माणूस आहे! पाहुणा कितीही दिवस राहिला तरी घर काही त्याचं होत नाही, हे त्या अगत्यामागचं गणित कळायला मला दोन महिने लागले.

तेव्हा मी पुण्यात एका कचेरीत कारकून होतो आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुण्यात जागा म्हणजे पागडी, आणि पागडी म्हणजे माझ्यासारख्याने कानावर हात ठेवायचा विषय. कचेरीतल्या एकाने सांगितलं, तळेगावला बघा, हवा चांगली आहे, गाडीची सोय आहे आणि माणसं साधी आहेत. हवेबद्दल आणि गाडीबद्दल तो खरं बोलला होता.

स्टेशनापासून दहा मिनिटांवर दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात करंजाचं झाड. मालक पन्नाशी उलटलेले शेतकरी, उंच, सडपातळ, मिशा पांढऱ्या आणि फेटा त्याहून पांढरा. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. ते स्वतः गावात जुन्या घरी राहायचे. दोन मैलांवर त्यांची भाताची खाचरं होती. माझी जात, पगार, गाव यातलं त्यांनी काही विचारलं नाही. करंजाखाली बसवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "झाडं लावायचा नाद हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

"बायकूला?"

"विचारलं नाही कधी."

"इचारून या."

मी साताऱ्याकडच्या आमच्या गावी पत्र टाकलं. बायकोचं उत्तर आलं, की नाद नाही, पण तुळस लागेल. ही अट ऐकून आबा दोन दिवस विचारात पडले. देवाला नाही म्हणता येईना आणि हो म्हणवेना. शेवटी निकाल दिला, "डब्यात लावा. डबा उचलता येतो." आमची तुळस वनस्पती तुपाच्या डब्यात वाढली. दर पंधरा दिवसांनी आबा यायचे आणि डबा दाराच्या उजवीकडून डावीकडे ठेवायचे. पुढच्या खेपेला डावीकडून उजवीकडे. बायको म्हणायची, "प्रदक्षिणा आपण तुळशीला घालतो, इथे तुळसच घराला घालतेय."

एकदा तिने मोरीच्या पाण्यावर चार धणे टाकले. कोथिंबीर काय तरारून आली! आबांनी ती पाहिली. दुसऱ्या दिवशी उजाडताच आले, सगळी उपटली, चिखल धुतला, केळीच्या सोपटाने जुडी बांधली आणि ती जुडी बायकोच्या हातात देत म्हणाले, "घ्या. माझ्या रानातली हाय."

भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर तो त्यांनीच ठोकायचा, मी फक्त बोट दाखवायचं. कौल सरकलं तर शिडी त्यांची, हात त्यांचे. "डागडुजी करंल त्येचा हक लागतो," असं ते एकदा बोलून गेले आणि आपण नको ते शिकवलं म्हणून जीभ चावली. 'भटाला दिली ओसरी' ही म्हणसुद्धा ते माझ्यासमोर अर्धीच म्हणायचे. पुढचा भाग मनात म्हणत असावेत, कारण त्या वेळी त्यांची नजर माझ्या पायांकडे असायची. आमच्या माळ्यावर त्यांनी एक मोडकं जू ठेवलं होतं. ते कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "माझंबी सामान आत असाया पायजे की."

आमच्या पत्रांवरही त्यांची नजर असे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पोस्टमन गावचाच होता. एकदा थोरल्या भावाने कार्डावर माझ्या नावापुढे 'यांचे घरी, तळेगाव स्टेशन' असा पत्ता घातला. कार्ड माझ्या हाती आलं ते आबांबरोबर.

"यांचे घरी, म्हंजे कुनाचे घरी?"

"अहो, तशी लिहायची पद्धत आहे."

"पद्धत आसंल. पर सरकारच्या पोष्टात आसं लिवल्यालं ऱ्हातं."

मी भावाला कळवलं. भाऊ माझ्याहून खट्याळ. त्याचं पुढचं कार्ड आलं, 'श्री. आबासाहेब यांच्या मालकीच्या घरात तूर्त उतरलेले चि. बंधू यांस'. आबांनी ते पोस्टमनकडून तीनदा वाचून घेतलं आणि घडी करून कनवटीला लावलं. मला मागच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचायला दुसरा दिवस उजाडला.

या सगळ्याचं मूळ होतं कूळकायद्यात. कसेल त्याची जमीन, असा कायदा नुकताच झाला होता. एक एप्रिल ही तारीख ठरली होती. त्या तारखेला जो दुसऱ्याची जमीन कसत होता, तोच तिचा मालक. अवघ्या मावळात याच गोष्टी चालायच्या. आबांनी हा कायदा मनावर घेतला होता, पण जरा जास्तच. आज शेत कसणाऱ्याचं झालं, उद्या घर राहणाऱ्याचं होणार, यात त्यांना शंका नव्हती.

माझ्याबरोबर रोज गाडीने पुण्याला जाणारे एक वकील होते. त्यांना मी एका रविवारी मुद्दाम घरी आणलं. त्यांनी आबांना तासभर समजावलं. तो कायदा शेतीचा आहे, राहत्या घराला त्याचा काही संबंध नाही, बिऱ्हाडकरू शंभर वर्षं राहिला तरी मालकी मालकाचीच. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वकील गेल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यो सोता कुठं ऱ्हातो?"

"भाड्याच्या घरात. गावात."

"मंग त्यो आसंच सांगनार."

दुसऱ्या दिवशी गाडीत वकिलांनी मला जे सांगितलं त्याने मात्र मी थक्क झालो. मी इतके दिवस समजत होतो, की या माणसाची जमीन कुळाने घेतली असणार, म्हणून बिचारा धास्तावलाय. उलटंच होतं. आबाच कूळ होते. पुण्याच्या एका गृहस्थांची खाचरं ते वर्षानुवर्षं कसत होते, आणि त्या कायद्याने ती आबांची झाली होती. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो हे मी ऐकलं होतं. हा माणूस दूध पिऊन, मिशा पुसून, वर ताक फुंकत होता! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "चोर कशाला म्हणता? कायद्यानेच दिली ना?" तेही खरंच.

आम्ही राहायला आलो त्या वर्षी मार्चच्या शेवटच्या संध्याकाळी आबा आले आणि म्हणाले, "उद्या खाडा हाय."

कचेरीत हजेरीचा खाडा मला माहीत होता. घराचा खाडा असतो हे नवीन होतं. मग कळलं. एक एप्रिलला घरात मालक हवा. त्या तारखेला आत कोण होतं, हेच सरकार बघतं. म्हणून त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत आम्ही सामानासकट अंगणात जायचं, आबांनी आत राहायचं, आणि दिवस मावळला की आम्ही परत आत. बस्स, राहण्याला खाडा पडला, वर्षभर काळजी नाही.

मी हसत म्हणालो, "आबा, एप्रिल फूल करताय काय?"

"फूल न्हाई न् पान न्हाई. समदं भायेर."

पहाटेपासून आम्ही ट्रंका, वळकट्या, शेगडी, भांडी, तुळशीचा डबा सगळं करंजाखाली आणून मांडलं. आबा नवा फेटा बांधून, मावशींना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, बरोबर घेऊन आत गेले. मावशींनी चूल पेटवली. दुपारी आम्हाला पिठलं-भाकरी अंगणात वाढली गेली, 'पाव्हन्यास्नी कांदा फोडून द्या' असा आतून हुकूमही आला. मग आबा आमच्याच खोलीत इतके ढाराढूर झोपले, की त्यांचं घोरणं अंगणात ऐकू येत होतं. स्टेशनाकडे जाणारी माणसं थांबून आम्हाला बघत होती. एका निवृत्त मास्तरांनी तर डोळ्यांत पाणी आणून मला पडवी देऊ केली. संध्याकाळी आबा जागे झाले, बाहेर आले आणि रुळांवरून परतणाऱ्या गँगमनला हाक मारून म्हणाले, "बघितलंस न्हवं? आज आत मी हुतो."

"व्हय की," गँगमन म्हणाला, "दुपारधरनं घोरताय. आमी रुळावर ऐकलं."

साक्ष झाली. आम्ही आत गेलो. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनी रजेचं कारण विचारलं. मी सांगितलं, घरमालक घरात राहायला आले होते म्हणून. तारीख बघून त्यांनी रजा नामंजूर केली.

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं सगळं, पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. आमच्या आधी तिथे स्टेशनातल्या एका तिकीट बाबूंचं बिऱ्हाड होतं. पहिल्या खाड्याला ते कुरकुरत बाहेर निघाले आणि निघताना थट्टेने म्हणाले, "आबा, आता मीच तुमचं कूळ, बरं का!" संध्याकाळी आबांनी त्यांना आत घेतलंच नाही. सामान करंजाखालूनच दुसरीकडे गेलं. मला ते मावशींनीच सांगितलं होतं, सावध राहा म्हणून.

दुसऱ्या वर्षी बायकोला दिवस गेले. तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली, माझी आई अंथरुणाला खिळलेली. बाळंतपणाला जायचं कुठे? मावशी म्हणाल्या, "हितंच करू. मी हाय की." दिवस एप्रिलच्या शेवटी भरत होते. खाड्याचं आमच्या डोक्यात होतंच. बायको म्हणायची, "बसेन मी ट्रंकेवर पोट धरून, त्यात काय?" पण मुलीला तेवढा धीर नव्हता. मार्चचे तीन दिवस उरले असताना ती झाली. अशक्त, एवढीशी, रडताना आवाजही न निघणारी. मावशींनी तिला कापसात गुंडाळून उबेला ठेवली आणि मला बजावलं, "बारा दिस ह्या खोलीचं दार उघडायचं न्हाई. वारं लागलं तर हाताला लागायची न्हाई पोर."

मी बोटांवर मोजलं. एक एप्रिलला पाचवी येत होती. भाड्याच्या घरांची कटकट आपल्या पाचवीला पुजलेली, असं आपण उगाच म्हणतो. माझ्या मुलीच्या ती खरोखरच पाचवीला आली.

त्या तीन दिवसांत आबा फिरकले नाहीत. मुलीला बघायलाही नाहीत. मावशींना विचारलं तर त्या तोंड फिरवायच्या. घरी त्यांचं काहीतरी वाजलं असावं. बायको पडल्या पडल्या एकच विचारायची, "काढतील का हो आपल्याला?" मी नाही म्हणायचो आणि गाडीत ओळखीच्या प्रत्येकाला कुठे खोली आहे का म्हणून विचारायचो. एकही मिळाली नाही.

एक एप्रिलला मी रजा टाकली. या खेपेला कारण लिहिलं आजारपण. पहाटे उठून होतं नव्हतं ते सगळं करंजाखाली नेलं, ट्रंका, भांडी, पाट, माझी सायकल. आत उरली फक्त बाज, शेगडी, त्या दोघी आणि त्यांच्यापाशी मावशी. आबा आले ते नवा फेटा बांधूनच. त्यांनी सामानावरून नजर फिरवली, मग बंद दाराकडे पाहिलं.

"आबा, सगळं बाहेर काढलंय," मी म्हणालो. "फक्त ती आणि मुलगी आत आहेत. बाहेरच्या खोलीत तुम्ही राहा, मी इथे बसतो."

"आत मानूस हाय न्हवं? मंग खाडा कसला? खाडा अर्धा नसतो, पाव्हणं."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. वर्षभर ज्याची मौज केली तो विक्षिप्तपणा अंगावर आला, की मौज वाटत नाही. मी काहीतरी कडक बोलणार इतक्यात आतून मावशींचा आवाज आला.

"अवं, आज लेकराची पाचवी हाय! पाऊल आत टाकलंत तर माझ्यासंगट गाठ हाय. तीनच सालं झाली, इसरलात का?"

काय विसरलात ते मला कळलं नाही. पण आबांचा चेहरा उतरला. ते माझ्या ट्रंकेवर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. त्याच्या घड्या चाचपत, माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"कायदा येनार म्हून कळलं तवा समद्या मालकांनी कुळांकडनं राजीनामं लिवून घेतलं. जमीन सोडली म्हून अंगठा दे, न्हाईतर आताच्या आता नीघ. लई जनांनी दिलं. आमचं तात्या, पुन्याचं मालक, त्येबी आलं कागद घेऊन. तारीख आठ दिसांवर. गावातलं घर दुरुस्तीला काढल्यालं, म्हून आमी तवा खाचरावर खोपटात. मी म्हनलो, संपलं. अंगठा द्यायचा न्हाईतर निघायचं."

"मग?"

"सून बाळंत झाली हुती. नातू चार दिसांचा. तात्यांनी खोपटात डोकावलं. आपलं नुसतं डोकावलं. कागदाची घडी केली, खिशात घातली. म्हनलं, बारा दिस होऊ द्या, मंग येतो." आबांनी बंद दाराकडे पाहिलं. "बारा दिसांत तारीख गेली, पाव्हणं. मी मालक झालो."

ते पुढे म्हणाले, "सुगी झाली की आंबेमोहोर घेऊन जातो त्यांच्याकडं. च्या देत्यात. कधी एका शब्दानं बोललं न्हाईत. यडा मानूस! बारा दिस दम धरला म्हून गेली त्येची जमीन."

"आबा, ते शेत होतं. घराचा तसा कायदा नाही हो. वकिलांनी सांगितलं ना? तुमचं घर कुठेही जात नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मुलाची समजूत काढणाऱ्याकडे मोठा माणूस बघतो तसं पाहिलं. माझ्या बोलण्यावर त्यांचा तसूभरही विश्वास नव्हता. ते उठले, बंद दाराजवळ गेले आणि बाहेरूनच म्हणाले, "अगं, त्या खिडकीला घोंगडं लाव. वारं सुटलंय, बाळंतनीला लागंल." मग माझी एक ट्रंक त्यांनी डोक्यावर घेतली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. दुसरी मी उचलली. दोघांनी मिळून सगळं सामान आत लावलं, भर सकाळी, सूर्य डोक्यावर यायच्या आत. शेवटी ते माळ्यावर चढले, आपलं मोडकं जू खाली काढलं, खांद्यावर घेतलं आणि मागे न बघता घरी गेले.

त्यांच्या हिशेबाने घर आता आमचं झालं, म्हणून ते जू घेऊन चालले होते. ते मला पाठमोऱ्या आबांकडे बघून कळलं. जे गेलंच नव्हतं ते त्यांनी मात्र खरोखर देऊन टाकलं होतं. मी दारात उभा राहून रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बाराव्या दिवशी बारसं केलं. मुलगी सावरली होती, आवाजही फुटला होता. शेजारच्या चार बायका आल्या होत्या, मावशी सकाळपासूनच होत्या. घुगऱ्या वाटून झाल्यावर आबा आले. हातात मुलीसाठी कुंची होती. दर खेपेला वहाणा करकरवत थेट स्वयंपाकघरापर्यंत येणारा हा माणूस पायरीखाली थांबला, वहाणा काढल्या, अंगणातच पाय धुतले आणि फेटा नीट केला.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं.

"आबा, असं काय विचारता?" मी म्हणालो. "घर तुमचंच आहे."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," ते हसले. "तात्यांकडं तांदूळ घेऊन जातो तवा मीबी त्यास्नी 'जमीन तुमचीच हाय' आसंच म्हनतो."